४० वॅटचा ट्यूब ॲम्प आणि १० बाय १२ ची खोली: कमी आवाजात टोन राखण्याचं एक प्रकरण

पुण्यातल्या एका सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. १० बाय १२ फुटांच्या खोलीत, फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवलेला पहिल्या पिढीचा फेंडर हॉट रॉड डिलक्स हा गिटारचा ट्यूब ॲम्प. स्पीकरला ताकद देणाऱ्या दोन ६एल६ पॉवर ट्यूब, तीन छोट्या १२एएक्स७ ट्यूब, बारा इंची ८ ओहमचा एक स्पीकर, ४० वॅट. गिटार सिंगल कॉइल पिकअपची. वादकाला ब्लूजचा तो अर्धवट फाटणारा आवाज हवा आहे: हलक्या हाताने वाजवलं तर स्वच्छ, जोर दिला की किंचित फाटणारा. वाजवायची वेळ संध्याकाळी आठ ते दहा.

तक्रार तीन भागांत आहे. एक, व्हॉल्यूम दीडवर असताना आवाज पातळ आणि टोचरा लागतो, खर्ज जणू गायब. दोन, बटण दीडवरून दोनकडे सरकलं की घर दणाणतं, मधलं काही मिळतच नाही. तीन, सुराला आस नाही. तार छेडली की टिक् होतं आणि सूर मरतो. उपाय म्हणून लोकांनी सुचवलेलं बरंच काही वादकाच्या यादीत आहे: १ वॅटचा ॲम्प घ्या, एक पॉवर ट्यूब काढून ठेवा, ६व्ही६ (कमी ताकदीची पॉवर ट्यूब) बसवा, अटेन्युएटर (ॲम्प आणि स्पीकरच्या मधे बसून ताकद खाणारी डबी) लावा, ॲम्पवर गोधडी टाका.

यातलं काय उपयोगाचं आणि काय नाही हे ठरवण्याआधी एक साधा हिशेब करायला हवा. तो न केल्यामुळेच या विषयात सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

आकडा आधी

बारा इंची गिटार स्पीकरची संवेदनक्षमता साधारण १०० डेसिबल धरू. म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर १०० डेसिबल. ४० वॅट म्हणजे त्यावर १६ डेसिबल, एकूण ११६. फ्लॅटमध्ये आठ-दहाच्या दरम्यान शेजाऱ्यांना न दुखवता वाजवायचं तर १ मीटरवर ८० डेसिबलच्या आसपास थांबायला हवं. ११६ वरून ८० म्हणजे ३६ डेसिबलची उतरण. वॅटमध्ये सांगायचं तर ४० वॅटच्या ॲम्पकडून ०.०१ वॅट, म्हणजे १० मिलिवॅट घ्यायचे. चार हजारांतला एक भाग.

हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की यादीतली बरीच नावं आपोआप खोडली जातात. १ वॅटचा ॲम्प पूर्ण पेटवला तर १ मीटरवर १०० डेसिबल देतो, त्या खोलीत तोही कानठळ्या बसवेल. ६व्ही६ बसवून ताकद निम्मी केली तर फरक ३ डेसिबलचा. शिवाय या ॲम्पमधला ४२० व्होल्टच्या आसपासचा प्लेट दाब बऱ्याच ६व्ही६ ट्यूबना सोसत नाही आणि बायस (शांत असताना ट्यूबमधून किती प्रवाह वाहायचा ते ठरवणारी मांडणी) नव्याने लावावा लागतो. एवढा खटाटोप ३ डेसिबलसाठी. दोनपैकी एक पॉवर ट्यूब काढणं तर सरळ चूक आहे. हे पुश-पुल सर्किट आहे. एक बाजू काढली की लाटेचा अर्धा भागच उरतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून एकतर्फी डीसी वाहतो. चार ट्यूबच्या ॲम्पमध्ये जोडीने दोन काढता येतात, ती गोष्ट इथे लागू नाही. गोधडीने तीव्र सूर तेवढे अडतात, खर्ज खालच्या मजल्यावर जातोच, आणि ट्यूबची उष्णता कोंडते.

आणखी एक गोष्ट या हिशेबातून निघते, आणि ती बऱ्याच वादकांना पटवून घेणं जड जातं. १० मिलिवॅटवर पॉवर ट्यूब फाटणार नाहीत, स्पीकरचा कोन (हलणारा कागदी पडदा) ताणला जाणार नाही, आणि या ॲम्पमध्ये रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) डायोडचा असल्याने वीजपुरवठ्याची ती मऊ दबण तशीही फारशी नाही. म्हणून घरच्या पातळीवर टोन शोधायचा तो प्रीॲम्पमध्ये (पॉवर ट्यूबच्या आधी गिटारचा सिग्नल वाढवणारा भाग), पॉटच्या (बटणामागचा बदलता रेझिस्टर) योग्य जागेत, ॲम्प ठेवण्यात आणि कानाची भरपाई करण्यात.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. हे आकडे परिसरातल्या सरासरी पातळीचे आहेत, खोलीतले नव्हेत. पण उघड्या खिडकीसमोर ८० डेसिबल वाजवणाऱ्याला ते आड येऊ शकतात. खिडकी बंद, दार बंद, हा पहिला आणि फुकटचा उपाय.

दोष कानाचा की ॲम्पचा?

फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मांडलेली गोष्ट इथे थेट लागू पडते: आवाज जितका कमी, तितका माणसाचा कान खर्जाला बहिरा. ८० फोनवरून (फोन हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) ६० फोनवर आलो तर १०० हर्ट्झचा सूर मधल्या सुरांच्या तुलनेत आणखी पाच-सहा डेसिबल मागे पडल्यासारखा वाटतो. गिटारची सहावी तार ८२ हर्ट्झवर आहे. म्हणजे ॲम्पमध्ये काहीही बिघाड नसताना, नुसतं बटण खाली आणल्यावर तीच तार आधी हरवणार.

या प्रकरणात निदानासाठी एक सोपी कसोटी घेतली. फोन स्पीकरपासून एका फुटावर, मध्यापासून जरा बाजूला ठेवून नेहमीच्या पातळीवर अर्ध्या मिनिटाचं वादन रेकॉर्ड करायचं. मग तेच हेडफोनवर मोठ्या आवाजात ऐकायचं. रेकॉर्डिंग भरलेलं वाटलं तर ॲम्प ठीक आहे आणि उणीव कानाच्या वक्रातली किंवा खोलीतली. रेकॉर्डिंगही पातळ आणि किरकिरं असेल तर यंत्रात शोधायचं. फोन स्वतःच आवाज दाबतो-वाढवतो, त्यामुळे बारकाव्यांवर जाऊ नका. खर्ज आहे की नाही आणि सूर विरताना खरखरतो का, एवढंच पाहा.

इथे निकाल मिश्र निघाला. खर्ज रेकॉर्डिंगमध्ये होता, म्हणजे तक्रारीचा तो भाग कानाचा. पण सूर विरताना शेवटी बारीक खरखर होती, आणि टोचरेपणाही तसाच होता. त्या दोन गोष्टी यंत्राच्या.

जागा बदलल्याने काय बदलतं

फरशीवरचा ॲम्प वादकाच्या घोट्यांना ऐकवतो. ३ किलोहर्ट्झच्या सुराची तरंगलांबी साडेअकरा सेंटिमीटर, बारा इंची कोनपेक्षा बरीच लहान. त्यामुळे तीव्र सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात. उभ्या वादकाला ते ऐकूच येत नाहीत, म्हणून तो ट्रेबल वाढवतो. मग खाटेवर बसल्यावर तोच झोत कानावर येतो आणि आवाज टोचतो. या प्रकरणात ट्रेबल ९ वर होता आणि ब्राइट स्विच चालू होता. कारण हेच.

ॲम्प गुडघ्याच्या उंचीच्या भक्कम लाकडी स्टुलावर ठेवला. मागे किंचित कलता, कानाकडे रोखलेला. स्टूल आणि फरशीच्या मधे जाड रबराचे तुकडे. रबराचं काम टोनसाठी कमी आणि खालच्या मजल्यासाठी जास्त आहे: फरशीला चिकटलेला ॲम्प स्लॅबलाच हलवतो, आणि तो खर्ज खालच्या घरात हवेतून आलेल्या आवाजापेक्षा जास्त छळतो. भिंतीपासून एक फूट पुढे. ॲम्पची मागची बाजू उघडी असल्याने मागून येणारी लाट भिंतीवरून परतते, फार जवळ असेल तर खालचे मधले सूर गढूळ होतात. वादक १ मीटरवर, झोताच्या मध्यापासून जरा बाजूला.

जवळ बसण्याचा आणखी एक फायदा. ८० डेसिबलच्या खाली गेलं की गिटारच्या तारांचा स्वतःचा, विजेविना येणारा आवाज कानाला थेट पोहोचतो. प्लेक्ट्रमची ती टिक् बऱ्याचदा ॲम्पची नसतेच. ॲम्प कानाच्या जवळ आणला की ती मागे पडते.

मग पॅनेल. ब्राइट बंद. ट्रेबल ५, मिडल ८, बेस ६, प्रेझेन्स (सर्वांत वरच्या सुरांचं बटण) ६. फेंडरच्या टोन सर्किटमध्ये मधले सूर मुळातच खोल दबलेले असतात. मोठ्या आवाजात ती पोकळी सुंदर वाटते, कमी आवाजात आवाज पोकळ होतो. मिडल वाढवला की एकूण पातळीही चढते हे लक्षात ठेवून व्हॉल्यूम त्यानंतरच लावायचा. रिव्हर्ब २ ते ३: मोठ्या आवाजात खोली स्वतः गुंजते, हळू वाजवताना ती गुंज मिळत नाही, थोडा स्प्रिंग रिव्हर्ब ती जागा भरतो.

एवढ्यानेच टोचरेपणाची तक्रार बरीचशी मिटते. खर्च रबराचा.

दीड आणि दोनच्या मधलं बटण

हा या ॲम्पचा जुना, सर्वांना माहीत असलेला दोष. बटणावर १२ पर्यंत आकडे आहेत, पण पहिल्या दोन आकड्यांतच बहुतेक आवाज येऊन जातो. पुढे तिसऱ्या आवृत्तीत फेंडरने व्हॉल्यूमच्या पॉटचा चढ बदलला. शिवाय मास्टर हे एकूण पातळीचं बटण फक्त ड्राइव्ह, म्हणजे फाटलेल्या आवाजाच्या चॅनेलवर चालतं. स्वच्छ चॅनेलला मास्टरच नाही. वादकाला हवा असलेला अर्धवट फाटणारा आवाज मात्र स्वच्छ चॅनेलवरच नीट मिळतो.

इथे या ॲम्पचा इफेक्ट्स लूप (प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या मधे बाहेरचं उपकरण जोडायची जागा) कामी येतो. प्रीॲम्प आउट आणि पॉवर ॲम्प इन या दोन जॅकच्या मधे एक पॉट घातला की दोन्ही चॅनेलना मास्टर मिळतो. बाजारात अशी तयार डबी मिळते, पण ती स्वतः बनवणं हे नवशिक्याचंही एका संध्याकाळचं काम आहे. ॲम्प उघडावा लागत नाही, म्हणून ते सुरक्षितही आहे. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं सामान एका फेरीत मिळतं:

एक १०० किलोओहमचा लॉग पॉट (त्यावर ए अक्षर असतं). पाव इंची दोन मोनो जॅक. हाताच्या पंजात मावेल अशी ॲल्युमिनियमची डबी. पाव वॅटचा २२० किलोओहमचा एक रेझिस्टर. बटण, थोडी वायर. आणि एक-एक मीटरच्या दोन शील्ड असलेल्या गिटार केबल.

पॉटचा दांडा स्वतःकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय १, मधला २, उजवा ३. प्रीॲम्प आउटकडून येणाऱ्या जॅकची टिप (प्लगच्या टोकाला लागणारा पाय) २२० किलोओहममधून पाय ३ ला. पाय २ दुसऱ्या जॅकच्या टिपला, म्हणजे पॉवर ॲम्प इनकडे. पाय १ दोन्ही जॅकच्या स्लीव्हला (प्लगच्या बाहेरच्या नळीला लागणारा पाय) आणि डबीला. डाग देताना पॉट फार वेळ तापवू नका, आतला कार्बनचा पट्टा करपतो आणि पुढे बटण फिरवताना खरखरतं.

२२० किलोओहम का? तो आणि पॉट मिळून सुरुवातीलाच साधारण १० डेसिबल कमी करतात, त्यामुळे घरच्या पातळीसाठी बटणाचा बराचसा फेरा वापरता येतो. नाहीतर व्हॉल्यूमच्या पॉटचा तोच त्रास या डबीवर येऊन बसतो. स्टेजवरही हीच डबी वापरायची असेल तर रेझिस्टर गाळा.

पॉटचं ओहममधलं मूल्य आणि केबलची लांबी यांवर टोन टिकतो की मरतो, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. घरात पडलेला गिटारचा ५०० किलोओहमचा पॉट वापरायचा मोह होतो. पॉट विद्युतदृष्ट्या मध्यावर असताना त्याचा बाहेरचा अवरोध त्या मूल्याच्या चौथ्या भागाइतका होतो: ५०० चा १२५ किलोओहम. केबलची धारकता मीटरला १०० पिकोफॅरड धरली तर ५ मीटरची केबल ५०० पिकोफॅरड. दोन्ही मिळून अडीच किलोहर्ट्झच्या वर सगळं कापलं जातं, आणि वादक म्हणतो की लूप आवाज मारतो. मारतो तो पॉट आणि केबल. १०० किलोओहमचा पॉट, १ मीटर केबल: कापण्याची जागा ऐकू येण्याच्या पलीकडे जाते.

इतर चुका पटकन सांगतो. लिनिअर पॉट घेतला तर अर्ध्या फेऱ्यावर फक्त ६ डेसिबल कमी होतात आणि सगळी उतरण शेवटच्या कोपऱ्यात गोळा होते. पाय १ आणि ३ उलटे लागले तर बटण उलटं चालतं, आणि लॉग असल्याने तेही एका टोकालाच. आत येणारी तार मधल्या पायाला जोडली तर शून्यावर प्रीॲम्पच जमिनीला जोडला जातो. प्लास्टिकची डबी घेतली तर पंख्याच्या रेग्युलेटरची आणि चार्जरची भुणभुण थेट आत.

डबी लावल्यावर क्रम असा: डबी शून्यावर. गिटारचं व्हॉल्यूम पूर्ण. ॲम्पचा व्हॉल्यूम हळूहळू ५ वर. मग डबी उघडत हव्या पातळीला आणायची. व्हॉल्यूम ५ ते ६ वर प्रीॲम्पच्या टप्प्यांना खऱ्या अर्थाने काम मिळतं. गिटारचं व्हॉल्यूम ७ वर आणलं की स्वच्छ, १० वर आणलं की कडा किंचित फाटते. वादकाला हवी होती ती हीच वागणूक. फेज इन्व्हर्टर (दोन पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणारा टप्पा) आणि पॉवर ट्यूब डबीच्या नंतर आहेत, म्हणून त्या शांतच राहतात. त्यांच्याकडून मिळणारं दडपण इथे येणार नाही, हे आधीच मान्य करायला हवं.

एक नियम: ॲम्पचा व्हॉल्यूम ६ वर असताना लूपच्या केबलला हात लावू नका. लूपचा प्लग अर्धवट निघाला तर पूर्ण ताकदीचा ठोका स्पीकरला बसतो.

पहिली ट्यूब

इनपुटला सर्वांत जवळच्या ट्यूबची वर्धनक्षमता बदलून बटणाचा ताठपणा कमी करता येतो. १२एएक्स७ ची १००, ५७५१ ची ७०, १२एटी७ ची ६०, १२एवाय७ ची ४४ च्या आसपास. पायांची रचना चौघींची सारखी, म्हणून काढून बसवता येतात. १२एवाय७ बसवली की बटण बरंच पुढे न्यावं लागतं, पण प्रीॲम्प फाटायलाही उशीर होतो. या वादकाला फाटणं हवं आहे, म्हणून डबी असताना हा बदल उलटा पडला असता. ५७५१ पर्यंत थांबणं ठीक. फक्त स्वच्छ आवाज हवा असणाऱ्यांनी मात्र डबीच्या आधी हेच करून पाहावं.

ॲम्प बंद करून, पंधरा मिनिटं थंड होऊ देऊन, ट्यूब सरळ वर ओढायची. फार हलवली तर सॉकेटची पकड सैल होते आणि पुढे करकर सुरू होते.

विरताना होणारी खरखर

रेकॉर्डिंगमधली शेवटची तक्रार ही. तिची कारणं चार असू शकतात: स्पीकरच्या कोनला घासणारा कचरा, सैल स्क्रू, मायक्रोफोनिक (धक्का लागताच आवाज करणारी) ट्यूब, किंवा फार थंड बायस. पहिली तीन बाहेरून तपासता येतात. कोन बोटांनी सारखा दाब देऊन हलवावा, घासल्याचा आवाज येतो का पाहावं. पाठीच्या फळीचे स्क्रू आवळावेत. चालू ॲम्पच्या छोट्या ट्यूबना पेन्सिलने हलकेच टिचकी मारावी. एखादी जोरात टणत्कारली तर ती बदलावी.

इथे हे सगळं ठीक निघालं. पॉवर ट्यूबची जोडी पूर्वी कधीतरी बदललेली होती, पण त्यानंतर बायस तपासलेला नव्हता. पुश-पुल सर्किटमध्ये बायस फार थंड असेल तर एक ट्यूब थांबते आणि दुसरी सुरू होते त्या सांध्यावर लाट मोडते. मोठ्या आवाजात ते झाकलं जातं. सूर विरताना लाट लहान होत जाते तसा तो सांधा तिचा मोठा हिस्सा होतो आणि खरखर ऐकू येते. हळू वाजवणाऱ्याला थंड बायस म्हणून जास्त भोवतो.

या ॲम्पमध्ये मोजायला टीपी३० नावाचा बिंदू आहे. तिथून चेसिसपर्यंत १ ओहमच्या रेझिस्टरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिॲम्पिअर दोन्ही ट्यूबचे मिळून. फेंडरचा आकडा ६० मिलिव्होल्ट. म्हणजे एका ट्यूबला ३० मिलिॲम्पिअर, ४२० व्होल्टवर साडेबारा वॅटच्या आसपास. ६एल६जीसीची मर्यादा ३० वॅट आहे, म्हणजे हा आकडाच थंड बाजूला झुकलेला आहे. ६८ ते ७० पर्यंत नेलं तर ट्यूबला १५ वॅटच्या आतबाहेर, सुरक्षित मर्यादेच्या बऱ्याच खाली, आणि विरणारा सूर गुळगुळीत होतो. यापेक्षा वर नेऊन फार काही मिळत नाही, ट्यूब मात्र लवकर म्हातारी होते.

हे काम चालू ॲम्पच्या उघड्या चेसिसमध्ये करावं लागतं. आत ४०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो उरतो. ज्याने असं काम आधी केलेलं नाही त्याने ते जाणत्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावं. एक हात खिशात ठेवून मोजण्याची शिस्त त्यांना असते. त्याच भेटीत घरातल्या सॉकेटची अर्थिंगही तपासून घ्यावी. जुन्या इमारतींत तिसरी पिन नुसती शोभेला असते, आणि सिंगल कॉइल गिटारची अर्धी घुरघुर तिथून येते. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प असेल तर किमान ३०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, आणि त्यातून अर्थ पुढे जाते ना हेही पाहायला हवं.

अटेन्युएटर: कुठे आणि किती

डबी लागल्यावर वादकाला एक नवी गोष्ट ऐकू आली: शांततेत पॉवर ॲम्पची स्वतःची घुरघुर. डबी तिच्या आधी बसते, म्हणून ती घुरघुर डबीने कमी होत नाही. ८० डेसिबलवर वाजवताना ती अधल्यामधल्या क्षणांत खटकते. ती कमी करायला ॲम्प आणि स्पीकरच्या मधेच काहीतरी हवं.

१२ डेसिबलचा एक ठरावीक एल-पॅड, म्हणजे रेझिस्टरचा साधा अटेन्युएटर, इथे पुरतो. ८ ओहमसाठी: ॲम्पकडून येणाऱ्या तारेत ओळीने ६ ओहम, आणि स्पीकरला समांतर २.७ ओहम. ॲम्पला ८ ओहमच दिसतात. ६ ओहमसाठी १२ ओहमचे दोन समांतर. पूर्ण ४० वॅट दिले तर ओळीतल्या जोडीवर ३० वॅट, समांतर रेझिस्टरवर साडेसात आणि स्पीकरला अडीच वॅट. फाटलेल्या लाटेत ॲम्प ४० वॅटहून अधिक देतो, म्हणून तिन्ही रेझिस्टर ५० वॅटचे, ॲल्युमिनियमच्या कवचातले वायरवाउंड घ्यायचे आणि जाड ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर थर्मल पेस्ट लावून स्क्रूने बसवायचे. ५० वॅट हा आकडा पत्र्यावर बसवल्यावरचा आहे. नुसते हवेत लटकवले तर त्यांची क्षमता त्याच्या निम्मीही राहत नाही. डबीला भोकं हवीत, आणि ती ॲम्पच्या आत नव्हे, बाहेर.

एल-पॅडचा एक गुण: स्पीकरची तार निसटली तरी ॲम्पला ८.७ ओहम दिसत राहतात. पण ॲम्प ते पॅड ही तार निसटली तर ॲम्प विनाभार चालतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळतो आणि तो जळू शकतो. तिथे गिटारची केबल कधीही नको, जाड दोन तारांची स्पीकर केबल हवी. जोडणं-काढणं फक्त ॲम्प बंद असताना.

पॅडमुळे टोनचं जे नुकसान होतं त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ८ ओहमचा स्पीकर फक्त कागदावर ८ ओहमचा असतो. त्याच्या नैसर्गिक कंपनावर, साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान, अवरोध कित्येक पटींनी चढतो, आणि वरच्या सुरांकडेही कॉइलमुळे वाढत जातो. ट्यूब ॲम्प त्या दोन्ही जागी जास्त दाब देतो, म्हणून खर्ज फुलतो आणि वरची चमक येते. रेझिस्टर मधे आले की ॲम्पला हा चढउतार दिसेनासा होतो, आणि स्पीकर दोन-सव्वादोन ओहमच्या स्रोतावर आवळला जातो. आवाज घट्ट आणि सपाट होतो. १२ डेसिबलवर हे बेस ७ आणि प्रेझेन्स ८ करून भरून निघतं. २० डेसिबलच्या पुढे भरून निघत नाही. तिथे स्पीकरसारखा चढउतार दाखवणारा रिॲक्टिव्ह लोड लागतो, आणि त्याची किंमत जुन्या ॲम्पच्या किमतीच्या जवळ जाते.

फक्त पॅडवर भिस्त ठेवून ॲम्प पूर्ण पेटवणाऱ्यांनी हिशेब पुन्हा पाहावा: ११६ वजा १२, १०४ डेसिबल. फ्लॅटमध्ये हे चालणार नाही. पॅडचा इथला उपयोग घुरघुर १२ डेसिबलने खाली नेण्यात आणि डबीला आणखी मोकळा फेरा देण्यात आहे. रोज तासन्‌तास पॉवर ट्यूब पेटत्या ठेवण्याचा खर्चही त्यामुळे टळतो.

स्पीकर बदलणं हा शेजारचा पर्याय. १०० ऐवजी ९५ डेसिबलचा स्पीकर म्हणजे ५ डेसिबल कायमचे कमी, आणि टोनचा कसलाही तोटा नाही. पण स्टेजवरही तो तितकाच मागे पडतो. ९८ डेसिबलचा, मऊ बोलणारा सेलेस्टियन ग्रीनबॅक घरात गोड वाटतो, पण तो २५ वॅटचा आहे आणि हा ॲम्प ४० चा. एखाद्या संध्याकाळी पॅड काढून पूर्ण वाजवला की स्पीकर गेला. या प्रकरणात स्पीकर तसाच ठेवला.

आस

शेवटी उरली तिसरी तक्रार. मोठ्या आवाजात स्पीकरची हवा तारांना पुन्हा हलवते, म्हणून सूर लांबतो. ८० डेसिबलवर ते घडत नाही, आणि कुठल्याही पॉटने घडणार नाही. त्याच्या जवळ जाणारा मार्ग म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मधे कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून आणि लहान उचलून पातळी सारखी करणारं पेडल): ३ ला १ च्या आसपास प्रमाण, ॲटॅक संथ, म्हणजे प्लेक्ट्रमची पहिली ठेच तशीच जाते आणि मागचा सूर उचलला जातो. जास्त दाबला तर हलका-जड हाताचा फरकच नाहीसा होतो, आणि या वादकाचं सगळं वादन त्या फरकावर उभं आहे. म्हणून थोडाच.

ओव्हरड्राइव्ह पेडल वापरायचंच असेल तर ड्राइव्ह कमी, लेव्हल जास्त. ते प्रीॲम्पला ढकलण्यासाठी असावं, स्वतः फाटण्यासाठी नव्हे. पेडलची बारीक खरखर कमी आवाजात फार उघडी पडते. खर्जाची कानातली तूट अजून जाणवत असेल तर लूपमध्ये डबीच्या आधी सात पट्ट्यांचा इक्वलायझर: १०० हर्ट्झला ३ डेसिबल वर, ३.२ किलोहर्ट्झला २ डेसिबल खाली. १०० ला याहून जास्त उचलू नका, तो जादा खर्ज वादकाच्या कानापेक्षा खालच्या घरात जास्त पोहोचतो.

या प्रकरणाची शेवटची मांडणी: ब्राइट बंद, व्हॉल्यूम साडेपाच, ट्रेबल ५, मिडल ८, बेस ७, प्रेझेन्स ८, रिव्हर्ब अडीच. लूपची डबी साधारण अर्ध्या फेऱ्यावर, स्पीकरच्या तारेत १२ डेसिबलचा पॅड, टीपी३० वर ६८ मिलिव्होल्ट. स्टेजवर जाताना पॅड काढून स्पीकर थेट मूळ जॅकमध्ये, लूपच्या केबल काढून ठेवायच्या, व्हॉल्यूम पुन्हा अडीचवर आणि प्रेझेन्स ५ वर, मगच स्टँडबाय (ट्यूब तापत्या ठेवून आवाज बंद ठेवणारा स्विच) उघडायचा.